मातीसरांचा मृत्यू: सुधारित आवृत्ती

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाच्याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून आणि तुझं हे पत्र वाचून होईपर्यंत मान खालीच ठेवून नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? नव्या चष्म्यानं पायरी जवळ दिसते की लांब? (तू म्हणाली होतीस, दोन्ही दिसतात आणि आपण मधल्या पायरीवर पाय ठेवतो.) आम्ही सगळे ठीक आहोत. हे पत्र मात्र खुर्चीत बसून वाच. घाबरू नकोस, बातमी वाईट नाही. चांगलीच आहे, पण इतकी चांगली की उभ्यानं वाचू नये. फोन करून सांगितलं असतं, पण तुला अर्ध्यात फोन ठेवायची सवय आहे आणि ही हकिकत अर्धीच ऐकण्यासारखी नाही. शेवटही आधीच वाचू नकोस. तुझी तीही सवय मला ठाऊक आहे.

तुला माहीतच आहे की मी गांडुळांवर प्रबंध लिहितो आहे. किती वर्षं ते विचारू नकोस. ज्या गांडुळांपासून सुरुवात केली त्यांची पतवंडं आता त्याच वाफ्यात राहतात आणि मला बघून तोंड फिरवतात (गांडुळाचं तोंड कुठल्या बाजूला हे लांबून कळत नाही, म्हणून अपमान त्या मानानं सोसवतो). तर एवढ्यात प्रबंध होत आला होता. राहिली होती फक्त संदर्भसूची, म्हणजे आपण कुणाकुणाचं काय काय वाचून काय काय उचललं त्याची शेवटी द्यायची यादी: लेखकाचं नाव, साल, लेखाचा मथळा, नियतकालिक, पानं. तुझी भाचेसून गणित शिकवते. तिनं तिच्या प्रबंधाच्या वेळी हे सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर, शाईनं, एकही खाडाखोड न करता लिहिलं होतं. ती म्हणाली, "हातानं लिहून काढ, आठवड्यात होईल." मी म्हटलं, आठवडाभर हातानंच लिहायचं तर माणसानं कॉम्प्युटर शोधलाच कशाला? या वाक्याबद्दल मी पुढे पुष्कळ भोगलं, तेव्हा तू वेगळं बोलू नकोस.

संदर्भ सांभाळणारा एक प्रोग्रॅम असतो. तो शिकवायला आमच्या कॉलेजात एक गृहस्थ आले होते. त्यांनी पडद्यावर लेखाची एक फाइल उचलली, प्रोग्रॅमच्या खिडकीत ओढून सोडली आणि हात झटकले. डोळ्याचं पातं लवतंय तोवर लेखकाचं नाव, साल, मथळा सगळं आपापल्या रकान्यात जाऊन बसलं. त्यांनी सांगितलं, हल्ली प्रत्येक शास्त्रीय लेखाला गाडीला असतो तसा एक नंबर असतो. प्रोग्रॅम फाइलची पहिली दोन-चार पानं चाळतो, तो नंबर हुडकतो, इंटरनेटवर जाऊन विचारतो की हा नंबर कुणाचा, आणि माहिती घेऊन येतो. मला इतका आनंद झाला की मी तेवढ्यावर उठून चहा प्यायला गेलो. 'आणलेली माहिती एकदा तपासून घ्या' हे वाक्य त्यांनी मी चहा फुंकत असताना सांगितलं असं नंतर कळलं.

घरी येऊन मी जमवलेल्या सगळ्या फायली एकदम उचलल्या आणि एकदम सोडल्या. प्रोग्रॅम थोडा वेळ धावला, मग धापा टाकू लागला आणि शेवटी लाल अक्षरांत म्हणाला की समोरची मंडळी आता उत्तरं देत नाहीत, नंतर या. (म्हणजे तिथेही खिडकी बंद करून जेवायला जाणारी माणसं आहेत तर! मला उगाच आपलेपणा वाटला.) नंतर गेलो, थोड्या थोड्या फायली घेऊन गेलो. तेव्हा निराळंच लचांड निघालं. माझं निम्मं वाचन हे झेरॉक्सच्या दुकानात पुस्तक उताणं पाडून काढलेल्या पानांचं आहे. आपल्याला ती अक्षरं दिसतात, पण प्रोग्रॅमला तो नुसता फोटो दिसतो, आणि फोटोत नंबर कुठून सापडणार? एका लेखावर तर दुकानदाराचा अंगठा मथळ्यासकट छापला गेला आहे. तो लेख मी 'अंगठा' या नावानंच ओळखतो आणि प्रबंधात त्याचा आधार तीन ठिकाणी घेतला आहे. अशा अनाथ फायलींचा एक ढीग तयार झाला. त्यात माझ्या दाढेचा एक्स-रेही गेला होता. प्रोग्रॅमनं त्याच्यापुढे लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही'. भाचेसून म्हणाली, सबंध यादीत ही एकच नोंद बरोबर आहे.

काही लेखांना नंबर नव्हता, पण फाइल ज्या कॉम्प्युटरवर तयार झाली त्याच्या मालकाचं नाव आत कुठेतरी चिकटलेलं होतं. प्रोग्रॅमनं तेच लेखक म्हणून उचललं. त्यामुळे 'ॲडमिन' नावाचे एक थोर अभ्यासक माझ्या यादीत शिरले. मी कच्चा खर्डा आमच्या बाईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक आणि विभागप्रमुख बाईंना, दाखवला तेव्हा त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "हे ॲडमिन कोण? ओल आणि खोलीचा संबंध यांनी फार छान मांडलाय. तुमच्यापेक्षा स्पष्ट लिहितात." मावशी, तो लेख माझा होता. आयुष्यात बाईंनी माझी एकदाच स्तुती केली आणि ती दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली. 'तो मीच' म्हणावं तर मग ही यादी मी वाचलेलीही नाही हे उघडं पडलं असतं.

आता मातीसरांकडे येतो. येणं भागच आहे.

मातीसर म्हणजे आमच्या विषयातले सगळ्यात मोठे. ते निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मातीतल्या जिवांवर कुणीही काहीही लिहिलं तर पहिलं वाक्य त्यांचं उसनं घ्यावं लागतं. माझा प्रबंध त्यांच्याकडे तपासायला पाठवायचा बाईंच्या मनात होतं, आणि मी त्यांना कधी भेटलेलो नसल्यामुळे माझ्या मनात फक्त भीती होती. त्यांचे लेख मी एका वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. त्या दिवशी तो कप्पा उघडला आणि एकेक फाइल सोडू लागलो. पहिला लेख नीट गेला, दुसराही. तिसरा सोडला, प्रोग्रॅम जरा घुटमळला आणि मग मथळ्याच्या रकान्यात अक्षरं उमटली: 'मातीच्या एका उपासकाला अखेरचा निरोप'.

मी हादरलो. गृहस्थांनी सांगितलं होतं ना, प्रोग्रॅम बाहेर जाऊन ताजी माहिती घेऊन येतो? मला वाटलं, बिचारा गेला होता लेखाची चौकशी करायला आणि दारातच ही बातमी कळली. लेखक म्हणून भलत्याच कुणाचं नाव होतं. मी म्हटलं, बरोबरच आहे, स्वतःवरचा मृत्युलेख माणूस स्वतः कसा लिहील? शेवटच्या रकान्यात तारीख पाहिली, तर ती त्याच दिवसाची होती. म्हणजे आजच! (ती फाइल प्रोग्रॅममध्ये घातल्याची तारीख असते हे मला आता पाठ आहे.) माझ्या जागी दुसऱ्या कुणी निदान फाइल उघडून पाहिली असती. पण फाइल उघडायची असती तर मी प्रोग्रॅम कशाला घेतला असता?

बाईंना सांगितलं. त्या खाली बसल्या. मग शिस्तीच्या बाई असल्यामुळे त्यांनी विचारलं, "बातमी पक्की आहे ना?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "बाई, प्रोग्रॅममध्ये आलंय." झालं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शोकसभा ठरली आणि बाईंनी विषयातल्या सगळ्यांना संदेश धाडला. सरांचा कुठल्याशा परिषदेतला फोटो मोठा करून सूक्ष्मदर्शकाला टेकवून ठेवला. भाषण माझ्याकडे आलं, कारण बातमी मी आणली होती. आता ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याच्याविषयी बोलणार काय? तेव्हा आठवलं की तू एकदा बोलता बोलता म्हणाली होतीस, तो तुमचा मातीसर आमच्या वर्गात होता. म्हणून तुला फोन केला.

त्या फोनबद्दल मी तुला काय सांगणार? मी नेहमीसारखा धाडकन बोललो, "मावशी, तुमच्या वर्गातले मातीसर गेले." मला वाटलं, लाइन तुटली. मग तू नुसतं "कधी?" विचारलंस. मी तारीख सांगितली. मग तू ती बरणीची गोष्ट सांगितलीस. कॉलेजात असताना लांबच लांब हातापायांचा तो मुलगा वर्गासमोर गांडुळांची बरणी घेऊन उभा राहिला, बरणी हातातून सुटली, सगळा वर्ग बाकांवर चढला आणि तो एकटा गुडघ्यांवर बसून एकेकाला "लागलं नाही ना?" विचारत उचलत होता. सांगताना तू मध्येच हसलीस आणि हसता हसता फोन ठेवलास. मला वाटलं, घाईत असशील. मी किती शहाणा आहे ते आता तुझ्या ध्यानात आलंच असेल.

शोकसभा उत्तम झाली. दोन मिनिटं उभं राहताना कुणाचा तरी मोबाइल वाजला, तो माझा होता. पण भाषण, मावशी, मी खरंच चांगलं केलं. बरणीची गोष्ट सांगितली तेव्हा बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, आयुष्यभर वाकून मातीकडे बघणारा हा माणूस आज मातीत मिसळला. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. घरी येऊन प्रबंधात त्यांच्या नावामागे जिथे जिथे ते येतं तिथे 'कैलासवासी' घातलं. हे काम मात्र प्रोग्रॅमवर न सोपवता हातानं केलं, म्हणून ते बिनचूक झालं.

दोन दिवसांनी विभागात फोन वाजला. बाई वर्गावर होत्या, मी उचलला. पलीकडून खर्जातला, खणखणीत आवाज.

"शोकसभा तुमच्याकडेच झाली ना?"

"हो. आपण कोण?"

"ज्याच्यासाठी उभे राहिलात तो."

मी उभाच होतो, तो खाली बसलो. खुर्ची तिथे नव्हती हे बसल्यावर कळलं. ते म्हणाले, बाईंचा संदेश फिरत फिरत त्यांच्या मुलीपर्यंत पोहोचला, ती ऑफिस सोडून धावत घरी आली, तर हे खिडकीत बसून नखं कापत होते. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी तेवढ्यात विचारलं, "उद्या सकाळी असता का? मी येतो."

रात्रभर मी राजीनाम्याचा मजकूर मनात घोळवला. सकाळी ते आले. उंच, किंचित वाकलेले, हातात छत्री. बाई दारातच अवघडून उभ्या राहिल्या. "या" म्हणावं की "माफ करा", हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या "या माफ करा" म्हणाल्या. मातीसरांनी मान हलवली, सरळ माझ्या टेबलाशी आले, स्टूल ओढलं आणि म्हणाले, "मी कुठे मेलो ते दाखवा."

मी प्रोग्रॅम उघडला, ती नोंद दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "आता फाइल उघडा," ते म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा ती फाइल उघडली. मावशी, त्या नियतकालिकात कागद वाचवायला एक लेख संपला की त्याच पानावर दुसरा सुरू करायचे. पानाच्या वरच्या भागात गोगलगायींच्या कुणा अभ्यासकावरचा मृत्युलेख संपत होता, काही वर्षांपूर्वीचा. त्याच्या शेवटी त्याचा नंबर छापला होता. त्याच्याखाली, जाड अक्षरांत, मातीसरांचा लेख सुरू होत होता. प्रोग्रॅमनं वरून वाचायला सुरुवात केली, पहिला दिसला तो नंबर उचलला आणि चौकशी करून आला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला जो पत्ता मिळाला तिथे तो गेला. माझं काय चुकलं ते मातीसर शांतपणे म्हणाले: "अर्धं पान खाली बघायचं होतं."

मग त्यांनी स्वतःच माऊस हातात घेतला. आणलेली माहिती रद्द केली, आपल्या लेखाचा खरा नंबर शोधला, एका बोटानं एकेक आकडा टिपला आणि शोधाचं बटण दाबलं. त्यांचं नाव रकान्यात आलं, साल आलं, पानं आली. "जिवंत झालो," ते म्हणाले. मी ताबडतोब सगळे कैलासवासी काढायला लागलो. घाईत काही ठिकाणी नुसतं 'वासी' उरलं.

मला वाटलं, सुटलो. पण ते उठेनात. छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "भाषण तुम्ही केलंत म्हणे. करा परत." मी म्हटलं, सर, ते आता… "करा. मी नव्हतो तेव्हा." मग काय, मी उभा राहिलो आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याच फोटोशेजारी (तो काढायचा राहूनच गेला होता), ते गेल्याबद्दलचं भाषण केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मातीत मिसळण्याचं वाक्य आलं तेव्हा एक डोळा उघडला आणि "हे काढा" म्हणाले. पण बरणीची गोष्ट आली आणि ते ताडकन उठले.

"बरणी माझ्या हातून पडली? कोण म्हणतं? संदर्भ काय याला?"

मी म्हटलं, "माझी मावशी."

"कोण मावशी?"

मी तुझं नाव सांगितलं. ते परत बसले. बराच वेळ त्यांनी छत्रीचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. बाई हळूच चहा सांगायला निघून गेल्या.

"तिला कळवलंस का, मी गेलो म्हणून?" त्यांनी विचारलं. (तोवर मी 'तुम्ही' होतो, तुझं नाव निघालं आणि 'तू' झालो.)

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. 'कधी' विचारलं. मग ही गोष्ट सांगितली."

"बरणी तिच्या हातात होती," ते म्हणाले. "मी धरायला गेलो. आणि 'लागलं नाही ना' मी गांडुळांना विचारलं नव्हतं."

मग त्यांनी चहा घेतला, दोन कप. उरलेला सबंध दिवस ते माझ्याबरोबर बसले आणि आम्ही यादीतली एकेक फाइल उघडून, एकेक नोंद पानाशी ताडून पाहिली. 'अंगठा' त्यांनी नुसत्या शैलीवरून ओळखला आणि मथळा तोंडपाठ सांगितला. 'ॲडमिन'पाशी येऊन थांबले, लेख चाळला आणि म्हणाले, "बरा आहे, पण शेवटचा निष्कर्ष ओढूनताणून आणलाय." मी म्हटलं, "कळवतो त्यांना." जाताना प्रबंध घेऊन गेले. वाचून सांगतो म्हणाले. बाई म्हणतात, तुमच्या नशिबाची कमाल आहे, लोक परीक्षकाला खूश करायला काय काय करतात आणि तुम्ही त्याला मारून पास होणार.

तर मावशी, सारांश असा की ते आहेत. मी सांगितलेली बातमी चूक होती. तिच्यामुळे तुला जे काही झालं असेल त्याबद्दल तू मला काय हवं ते बोल, फोनवर बोललीस तरी चालेल, आणि मी अर्ध्यात ठेवणार नाही. भाचेसुनेनं पुठ्ठ्याची कोरी कार्डं माझ्या टेबलावर आणून ठेवली आहेत. प्रकृतीला जप.

तुझा
घोळ्या

ता. क. एक काम होतं. मातीसर म्हणतात, बरणीच्या बाबतीत दोन परस्परविरोधी मतं आहेत आणि त्यांचा निकाल लागल्याखेरीज ते प्रबंधावर अभिप्राय लिहिणार नाहीत. माणूस थट्टा करतोय की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून मुळीच कळत नाही, म्हणून मी धोका पत्करत नाही. तेव्हा बरणी कुणाच्या हातात होती हे तू चार ओळींत लिहून पाठव. प्रबंधात तुझं नाव घालून पुढे 'वैयक्तिक संवाद' असं देता येतं.

आणखी ता. क. किंवा पाठवू नकोस, कारण ते म्हणाले की असला पुरावा प्रत्यक्ष तपासलेला बरा. तुझा पत्ता देऊ का, हे तुला विचारायलाच खरं तर हे पत्र लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता त्यांचा फोन आला आणि मी देऊन टाकला. ते रविवारी सकाळी येतील. दार उघडताना दचकू नकोस. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा भांडायचं झालं तर उजवीकडे बस.

शेवटचं ता. क. फोनवर त्यांनी विचारलं, "मी गेलो म्हटल्यावर ती रडली का रे?" मी म्हटलं, "हो सर, खूप." याला माझ्याकडे काहीही आधार नाही, मावशी. तू हसत होतीस एवढंच मला ऐकू आलं होतं. माहिती चुकीची असेल तर रविवारी तूच दुरुस्त कर, आणि बरोबर असेल तर माझं नाव न सांगता राहू दे.